जामसांवलीची सहल

मला लहानपणापासून दुसऱ्यांचे आवाज काढता यायचे. कापूस मोजायला येणाऱ्या माणसाचा घोगरा आवाज, माझ्या आत्याचं नाकातलं बोलणं, शाळेतल्या शिपायाचा खोकला. घरी पाहुणे आले की बाबूजी मला मधल्या खोलीतून हाक मारायचे, "ये बरं इकडं, आत्या काढून दाखव." पाहुणे पोट धरून हसायचे. आपल्यात काहीतरी गुण आहे असं मला त्यामुळं वाटायचं. दिसायला मी बेताची, अभ्यासात मधली. एवढी एकच गोष्ट माझी होती.

ऐंशीच्या दशकातली, मी नववीत असतानाची ही हकिगत आहे. पांढुर्ण्यात तेव्हा मुलींची एक लहानशी खासगी शाळा होती; पुढं ती बंद पडली. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली. तिची आई सरकारी नर्स. रामाकोन्याहून तिची बदली पांढुर्ण्याला झाली होती. वडील ती लहान असतानाच वारले होते. दोघी मायलेकी दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये राहायच्या.

पहिल्या दिवशी आमच्या वर्गशिक्षिकेनं, बहेनजींनी, तिला गाव विचारलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "लामाकोना."

तिला र म्हणता येत नसे. जीभ जड होती. वर्ग हसला, तीही थोडी हसली. पण त्या दिवसापासून तिचं नावच लामाकोना पडलं. हजेरीच्या वेळी ती "हजल, बहेनजी" म्हणायची आणि रोज कुठून तरी खसखस पिकायची.

आम्ही तिच्या उच्चाराला हसायचो, असं तेव्हा आम्ही म्हणत असू. आता विचार करते तेव्हा आठवतं, वर्गात एक मुलगी तोतरी होती, एकीला श म्हणता येत नव्हता. त्यांना कुणी हसत नव्हतं. ही मुलगी बौद्ध घरची होती. हे कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. पण ती माठाजवळ गेली की दोघीतिघी हात मागं घ्यायच्या, आणि ते सगळ्यांना दिसायचं. बहेनजींनाही.

वर्गात एका मुलीचं राज्य होतं. तिच्या वडिलांचा संत्र्याचा मोठा व्यापार, घरी जीप. शाळेच्या कमिटीवर तिचे काका. तिनं नुसतं पाहिलं तरी आम्ही जागा सोडायचो. तिनंच मला एके दिवशी मधल्या सुट्टीत म्हटलं, "लामाकोना काढ नं."

मी काढला. फारच चांगला काढला. मुली बाकांवर लोळल्या. त्यानंतर ते रोजचं झालं. मी तिच्या आवाजात पाढे म्हणायची, कविता म्हणायची, ती समोर बसलेली असतानाच. कुणीतरी तिच्या पाठीवर खडूनं ल काढायचं आणि ती तसाच ल घेऊन घरी जायची.

एकदा ती माझ्याजवळ आली. मी एकटी होते, हातपंपावर पाय धूत होते. तिनं विचारलं, "खलंच असा आहे का वं माहा आवाज?"

तिच्या विचारण्यात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "हो, असाच आहे."

तिनं मान हलवली आणि गेली. त्यानंतर ती वर्गात हजेरीपुरतंच बोलायची.

जानेवारीत शनिवारी आमची सहल जामसांवलीला गेली. भाड्याची बस, चाळीसेक मुली, एक बहेनजी आणि शिपाई. मारुतीचं दर्शन, झाडाखाली पुरी-भाजी आणि दिवस कलायच्या आत परत. देवळाशी पोचल्यावर त्या व्यापाऱ्याच्या मुलीनं मोठ्यानं म्हटलं, "हिले कायले आत नेता? हिले बसू द्या चपलांपाशी." बहेनजी तोपर्यंत दोन पायऱ्या चढून गेल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, ते त्यांनाच ठाऊक. ती नवी मुलगी चपलांजवळ बसली. आम्ही बाहेर आलो तेव्हा तिनं सगळ्यांच्या चपला जोडीनं लावून ठेवल्या होत्या.

जेवणं झाली. चारच्या सुमारास शिपायानं शिट्टी वाजवली, मुली बसकडं पळाल्या. तेव्हा तिला सांगण्यात आलं की बहेनजींची शाल झाडाखाली राहिली आहे, पळत जा आणि घेऊन ये. शाल बहेनजींच्या पिशवीत होती, व्यापाऱ्याची मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी, आम्हा चौघींना ते माहीत होतं. ती पळत गेली. पुढं गाभाऱ्याच्या बाजूला गर्दी होती, त्या गर्दीत तिची पाठ दिसेनाशी झाली.

बसमध्ये बहेनजी पहिल्या सीटवर बसून हजेरी घेऊ लागल्या. वही मांडीवर, मान खाली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू करून ठेवलेलं. तिचा नंबर येणार तेवढ्यात शेजारी बसलेल्या व्यापाऱ्याच्या मुलीनं मला कोपर मारलं. ती बोलली काहीच नाही, नुसतं कोपर.

मी म्हटलं, "हजल बहेनजी."

मागच्या दोन सीटांवर हसू फुटलं. बहेनजी वर न बघता म्हणाल्या, "चूप." आणि पुढचं नाव घेतलं.

मला त्या वेळी काय वाटत होतं ते खरं सांगते. मला वाटलं, दोन मिनिटांची गंमत आहे. बस जरा हलेल, ती मागून पळत येईल, आम्ही हसू, ड्रायव्हर थांबेल. पण बस मोठ्या रस्त्याला लागली. मी व्यापाऱ्याच्या मुलीकडं पाहिलं, ती खिडकीबाहेर पाहत होती. आता ती सांगेल असं मला वाटत होतं. कदाचित तिला वाटत असेल मी सांगेन. पाच मिनिटं गेली. मग दहा. मग अशी वेळ आली की सांगितलं असतं तर गंमत उरली नसती, गुन्हा झाला असता. पुढं बसलेल्या मुली गाण्यांच्या भेंड्या खेळत होत्या. माझ्यावर म आला. मी म वरून गाणं म्हटलं.

संध्याकाळी सातच्या सुमारास नर्सबाई आमच्या घरी आल्या. तिगावला एका बाळंतिणीकडं त्यांचा दिवस गेला होता. घरी येऊन बघतात तर दाराला कुलूप. त्या आधी बहेनजींकडं जाऊन आल्या होत्या. बहेनजींनी वही काढून दाखवली होती, म्हणाल्या होत्या, "हजर आहे, मी स्वतः नाव घेतलं, ती बोलली." तरी त्या आमच्याकडं आल्या, कारण आमचं घर वाटेवर होतं आणि माझ्या वहिनीला सातवा महिना होता म्हणून त्यांची आमच्याकडं जा-ये होती.

मी तुळशीपाशी दिवा लावत होते. त्यांनी अंगणातूनच विचारलं, "बाई, माही पोरगी बसनं आली होती नं तुमच्यासंगं?"

माय शेजारी उभी होती. वहिनी दारात. मी म्हटलं, "हो. आली होती."

"कुठं उतरली?"

"शाळेपाशीच. सगळ्याच उतरल्या."

"मग घरी कशी नाई आली," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि भराभरा गेल्या.

बसमधलं माझं ते हजल एकवेळ खेळात गेलं असतं. हे दुसरं मी पूर्ण जाणून, तिच्या आईच्या डोळ्यांत बघून बोलले होते.

पुढं जे कळलं ते असं. ती मुलगी देवळापाशी बराच वेळ थांबली. मग तिनं सौंसरचा रस्ता धरला. पांढुर्णं तिच्यासाठी परकं होतं. सौंसरच्या पलीकडं रामाकोना, तिथं तिची आजी. वाटेत तिला कुठल्यातरी गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही. बैलगाडीनं जाणाऱ्या एका शेतकऱ्यानं तिला सौंसरच्या दवाखान्यात पोचवलं. ती शुद्धीवर नव्हती. जवळ ओळख पटेल असं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत ती जिवंत होती. दहा वाजता ड्यूटीवर आलेला कंपाउंडर नर्सबाईंच्या ओळखीचा निघाला, त्यानं पोरीला ओळखलं आणि निरोप पाठवला.

त्या वेळी नर्सबाई पांढुर्ण्यातल्या विहिरी बघत फिरत होत्या. रात्र त्यांनी स्टेशनवर काढली होती. सौंसरला जायचं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण पोरगी बसनं परत आली, हे बहेनजींनी सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं.

मग गावानं आपल्यापरीनं कोडं सोडवलं. पोरगी बसनं आली हे नक्की, वहीत लिहिलेलं आहे. मग ती पुन्हा सौंसरकडं कशी गेली? कोणीतरी पोरगा असणार. मोटारसायकलवर असणार. पानठेल्यावर, हातपंपावर, आमच्या अंगणातसुद्धा हेच बोलणं. माझी माय म्हणाली, "असं असते. बाप नाई, माय दिवसभर बाहेर." 

नर्सबाई दोन आठवडे व्हायच्या आतच कामावर आल्या. पांढरी साडी, खांद्याला लशीची पेटी. त्या घरोघरी जायच्या, पोरांना टोचायच्या आणि ज्या घरी आमच्या वर्गातली मुलगी असेल तिथं जरा टेकायच्या. त्या मोटारसायकलवाल्या पोराबद्दल त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. विचारायच्या एवढंच, "बसमध्ये तू कुठं बसली होती? तुझ्या बाजूले कोण होतं?"

लसीकरणाच्या कार्डामागं त्यांनी बसचं चित्र काढलं होतं, सीटांचे चौकोन. प्रत्येक मुलीच्या सांगण्यावरून एकेक चौकोन भरायच्या. आमच्या आळीतल्या मुलींनी मला ते सांगितलं. सगळ्या मुली खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. पुष्कळ जणींना काही माहीतच नव्हतं. त्यांना विचारलं, माही पोरगी कुठं बसली होती, तर एक म्हणायची मागं, एक म्हणायची खिडकीशी, एक म्हणायची ड्रायव्हरपाशी. महिन्याभरात सगळे चौकोन भरले. प्रत्येकात कुणी ना कुणी मुलगी. तिच्यासाठी जागा उरली नाही.

तेव्हा त्यांना कळलं की पोरगी बसमध्ये नव्हतीच. आता एकच प्रश्न होता. हजेरीला ओ कोणी दिली?

त्या माझ्याकडं आल्या नाहीत. मी वाट बघत होते. रस्त्यात पांढरी साडी दिसली की मी गल्ली बदलायची. शाळेत त्या व्यापाऱ्याच्या मुलीनं मला बजावलं, "तोंड उघडशीन तर तूच फसशीन. मी काय बोलली त्या दिवशी? एक शब्द तरी बोलली का?" खरंच होतं. ती एक शब्दही बोलली नव्हती.

मार्चमध्ये वहिनीला कळा सुरू झाल्या. पहाटेपासून ती विव्हळत होती. दादा सायकलवर जाऊन नर्सबाईंना घेऊन आला. त्या आत आल्या, पदर खोचला, मायला म्हणाल्या, "पाणी उकळा." आणि माझ्याकडं बघून, "तू इथंच थांब. हात देजो."

मी चार तास त्या खोलीत होते. मूल अडलं होतं. वहिनीचा आवाज बसला, माय कोपऱ्यात देवाचं नाव घेऊन राहिली होती, आणि नर्सबाई सारख्या हळू आवाजात बोलत होत्या, "आता नको जोर लावू. आता लाव. शाब्बास, माही बाई." दहाच्या सुमारास मुलगी झाली. रडली नाही. त्यांनी तिला पायाशी धरून उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून साफ केलं. मला वाटलं, आता हिलाही काही होणार आणि ते माझ्यामुळंच होणार. मग ती रडली.

नर्सबाई हात धुवायला मागच्या अंगणात आल्या. मी तांब्यानं पाणी घालत होते. त्यांच्या कोपरापर्यंत रक्त होतं. त्या साबण चोळत होत्या आणि माझ्या तोंडून निघालं, "नर्सबाई, हजेरीले मी बोलली होती."

त्यांचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांपासून माहीत आहे. तुमच्याच वर्गातल्या एका पोरीनं सांगितलं, तुले आवाज काढता येते म्हणून."

"मग तुम्ही आल्या काहून नाई?"

"वहिनीचे दिवस भरत आले होते तुह्या. घरात कालवा झाला असता."

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही आणि रागावल्याही नाहीत. हात पुसून त्या दगडावर बसल्या. सगळं सांग म्हणाल्या. मी शालीचं सांगितलं, कोपराचं सांगितलं, चपलांचं सांगितलं, पाठीवरच्या ल चं सांगितलं.

"तो ल मी चार वेळा धुतला," त्या म्हणाल्या. "मले वाटे, फळ्याले टेकत असन."

 आतून बाळाचं रडणं येत होतं. मग त्या म्हणाल्या, "म्हणून दाखव."

"काय?"

"त्या दिवशी म्हणलं तसं. म्हण."

मी नको नको म्हणाले. त्या नुसत्या बघत राहिल्या. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हटलं. "हजल बहेनजी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले.

"नाही," त्या म्हणाल्या. "घरी रोज सराव करे, तेव्हा हजल म्हणून ती थोडी थांबे. श्वास घेई, मग बहेनजी म्हणे. तू थांबत नाही." आणि जरा वेळानं, "कोणी ऐकलं असतं तं समजलं असतं."

त्यांनी मला एकच मागितलं, हे कागदावर लिहून दे. मी त्याच दुपारी वहीच्या मधलं जोडपान काढून लिहायला बसले. बाबूजींनी पाहिलं. त्यांनी पान हिसकलं, वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या थोबाडीत मारली.

"उद्या तुह्यं लग्न व्हायचं आहे का नाई? त्या लोकांच्या भानगडीत आपलं नाव घालून राहिली?"

आतल्या खोलीतून वहिनी बोलली. बाळंतीण बाई, चार तासांपूर्वी मरता मरता वाचलेली. सासऱ्यासमोर तिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. "त्याच लोकांच्या हातानं तुमची नात निंगाली सकाळी, बाबूजी. लिहू द्या तिले."

बाबूजी बाहेर निघून गेले. मी लिहिलं. सही केली. दादा तो कागद देऊन आला, मला जायची हिंमत झाली नाही.

शाळेच्या कमिटीची बैठक झाली. मला उभं करून विचारलं, नर्सबाईंनी तुझ्याकडून जबरदस्तीनं लिहून घेतलं का? मी नाही म्हटलं. कोणी कोपर मारलं असं विचारलं. मी नाव सांगितलं. तिचे काका समोर बसले होते. ते म्हणाले, "कोपर लागते कधीकधी, गर्दीत." तेवढ्यावर तो विषय संपला. बहेनजी रडत होत्या. त्यांनी पुढं नोकरी सोडली. मला परीक्षेला बसू दिलं आणि मग दाखला हातात दिला. व्यापाऱ्याच्या मुलीला काही झालं नाही.

नर्सबाईंना कमिटीनं विचारलं, तुमचं म्हणणं काय? त्या म्हणाल्या, वहीतली ती हजेरी खोडा. माझी पोरगी बसमध्ये नव्हती असं लिहा. आणि खाली सही करा. तीन सह्या झाल्या. त्यांनी त्याची नक्कल मागून घेतली.

गावातलं बोलणं त्यानं पुरतं थांबलं असं नाही. काही जण म्हणायचे, नर्सनं जादूटोणा करून पोरीकडून लिहवून घेतलं. काही म्हणायचे, पोरगा असेलच, आगीशिवाय धूर थोडाच. पण वहिनी पाण्याला जायची तिथं कोणी असं बोललं की घागर खाली ठेवून भांडायची.

माझ्या भाचीची तिन्ही वेळची टोचणी नर्सबाईंनीच केली. वेळेवर यायच्या. तिचं वजन बघायच्या, डोळ्यांची पापणी ओढून बघायच्या, कार्डावर लिहायच्या. माय चहा पुढं करायची, त्या नको म्हणायच्या. माझ्याशी बोलायच्या नाहीत. मी समोर असले तर मात्र टाळायच्याही नाहीत. पावसाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली. कुठं गेल्या ते दवाखान्यात विचारलं तर कळलं असतं. मी विचारलं नाही.

मी सौंसरला मावशीकडं राहून शिकले. आवाज काढणं सुटलं. सोडायचं असं ठरवलं नव्हतं, पण घशातून निघेचना.

वीसेक वर्षांनी एका लग्नात ती व्यापाऱ्याची मुलगी भेटली. अंगानं भरली होती, केस पिकायला लागले होते. माझ्या शेजारी येऊन बसली, मुलांचं विचारलं, नवऱ्याचं विचारलं. मग एकदम आवाज खाली करून म्हणाली, "मले अजून आठवते कधीकधी. पण आपण लहान होतो नं वं."

"थे बी लहानच होती," मी म्हटलं.

 तेवढ्यात पंगत बसली असं कुणीतरी सांगत आलं आणि ती उठली. माझी परतीची बस पाचची होती. पाच वाजून गेले तरी मी तिथंच मांडवात बसून राहिले.